तारपकऱ्याच्या पायांशी

सोनिवलीच्या रस्त्यालगत एका कंपाउंडच्या भिंतीवर तारपा रंगवलेला होता. खाली गेरूचा रंग, त्यावर पांढऱ्या रेषांनी काढलेला, तारपा वाजवणारा तारपकरी आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफून गोल फिरत गेलेली बायका-पुरुषांची साखळी. स्वच्छ सर्वेक्षण जवळ आलं की महाराष्ट्रातल्या गावोगावच्या भिंती अशा रंगतात. कुठे ओला कचरा-सुका कचरा, कुठे मोर, कुठे झाडाला मिठी मारणारी मुलगी, आणि आमच्या ठाणे-पालघर पट्ट्यात हमखास वारली. बदलापूर पश्चिमेला राहणाऱ्या माणसाच्या नजरेखालून अशा भिंती रोज जातात, बहुतेक वेळा धावत्या रिक्षातून.

२०१९ च्या दिवाळीनंतर, कलत्या उन्हात, मी त्या भिंतीचा फोटो काढला. साखळीतल्या दोन नाचणाऱ्यांच्या मधे थोडी जागा सुटलेली होती. स्टेशनकडून चालत येणारी एक बाई नेमकी त्या जागेसमोर आली. एका हातात भाजीची पिशवी, दुसरा हात खांद्यावरची पर्स सावरणारा, गळ्यात लाल ओढणी. तिच्या कोपराचा कोन आणि भिंतीवरच्या नाचणारीच्या कोपराचा कोन अगदी एक होता. तेवढ्यापुरती ती साखळीत सामील झाली, आणि मी बटण दाबलं.

त्या काळात रस्त्यावरच्या चित्रांचं माझ्यावर गारूड होतं. २०१७ च्या हिवाळ्यात ससून डॉकवर भरलेलं भित्तिचित्रांचं प्रदर्शन मी पाहून आले होते. १८७५ सालची ती गोदी, मासळीचा वास, बर्फाच्या लाद्या फोडल्याचे आवाज, आणि भिंतींवर तिथल्याच कोळी बायका-पुरुषांचे माणसाहून मोठे कृष्णधवल चेहरे. ज्यांच्या टोपलीकडे आपण वाकून बघतो, त्यांच्याकडे तिथे मान वर करून पाहावं लागत होतं. वांद्र्याला एमटीएनएलच्या इमारतीवर रणजित दहिया यांनी रंगवलेले दादासाहेब फाळके पाहिले होते. २००९ साली शेकडो हातांनी रंगवलेली तुळशी पाइप रोडची रेल्वेलगतची भिंत तर किती वेळा पाहिली. आणि मनात घर करून बसली होती बँक्सीची फुगेवाली मुलगी, २००२ साली लंडनच्या भिंतीवर उमटलेली. सगळं काळंपांढरं, फुगा तेवढा लाल.

माझ्या फोटोत लाल ओढणी होती. तेवढी लाल ठेवली आणि बाकी सगळं काळंपांढरं केलं. कॉन्ट्रास्ट इतका ताणला की बाईचा चेहरा, केस, पिशवी सगळं मिळून एक काळी आकृती झाली आणि गेरूची भिंत डांबरासारखी काळीभोर. मग चारी बाजूंनी कातरून चित्र चौरस केलं. मधोमध बाई, दोन्ही बाजूंना पांढरे नाचणारे. ज्यांनी ज्यांनी पाहिलं त्यांना ते आवडलं. मलाही आवडलं होतं. मोठा प्रिंट काढून मी तो घरात लावला.

घरातल्या भिंतीवरचं चित्र रोज दिसतं. सकाळी चहा घेताना, दुपारी खिडकीतून उजेड आडवा येतो तेव्हा, रात्री ट्यूबच्या सपाट प्रकाशात. काही चित्रं अशा सहवासात उलगडत जातात. हे मिटत गेलं. जे सांगायचं ते पहिल्या दृष्टिक्षेपात सांगून मोकळं होत होतं. पुन्हा त्याच्याकडे गेलं की तेच वाक्य, त्याच सुरात. बाई साखळीत सामील झाली, बघा! आणि लाल ओढणी त्या ‘बघा’वर बोट ठेवून उभी.

मग मी ते भिंतीवरून उतरवलं आणि परक्या माणसाचं चित्र तपासावं तसं तपासायला बसले. चित्र तपासण्याच्या काही जुन्या युक्त्या आहेत. चित्र उलटं करून बघावं, म्हणजे त्यातल्या वस्तूंची नावं पुसली जातात आणि नुसती वजनं दिसू लागतात. काळ्याचं वजन, पांढऱ्याचं वजन, रिकाम्या जागेचं वजन. चित्रकार प्रभाकर बरवे यांचं ‘कोरा कॅनव्हास’ वाचलेल्या माणसाला वस्तू आणि तिच्याभोवतीचा अवकाश यांचं नातं शोधल्याशिवाय राहवत नाही. माझ्या चित्रात अवकाश उरलेलाच नव्हता. काळा रंग मागे सरत नव्हता, पुढेही येत नव्हता. पडदा टाकावा तसा तो नुसता होता. मग आरशात बघावं तसं चित्र डावं-उजवं पालटून पाहिलं. तेव्हा वरच्या कडेला उलटी झालेली अक्षराची एक अर्धी वेलांटी दिसली. भिंतीवर वर घोषणा लिहिलेली होती आणि माझ्या कात्रीने तिचा गळा धरला होता. इतके दिवस ती वेलांटी मला नक्षी वाटत होती.

माझ्या प्रिंटची ती कडक काळीपांढरी धाटणी बँक्सीच्या स्टेन्सिलवरून, म्हणजे साच्यातून रंगवलेल्या चित्रांवरून आलेली होती, म्हणून स्टेन्सिलचा विचार मला इथे नीट करावा लागला. बँक्सीची चित्रं कडक कडांची का असतात? कापलेल्या पुठ्ठ्यातून फवारलेला रंग एकतर पडतो किंवा पडत नाही. मधल्या छटा त्याला पेलवत नाहीत. शिवाय रात्री चोरून रंगवणाऱ्याकडे वेळ नसतो. आधी साचा कापून ठेवला की भिंतीपाशी थोडक्यात काम उरकतं, म्हणून आपण साच्याकडे वळलो, असं बँक्सीने स्वतःच सांगितलेलं आहे. साचा आपल्याकडेही घरचाच आहे. विजेच्या खांबांवरचे नंबर, पाण्याच्या टँकरवरची अक्षरं, निवडणुकीत रातोरात उमटणारी चिन्हं, सगळी पत्र्याच्या साच्यातून येतात. त्या प्रत्येक कडक कडेमागे एक गरज आहे. घाई, स्वस्ताई, हजारदा तेच उमटवण्याची निकड. माझ्या फोटोमागे यांतलं काहीच नव्हतं. माझ्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमध्ये दर रंगाला १४ बिट मिळतात, म्हणजे अंधारापासून उजेडापर्यंत १६,३८४ पायऱ्या. साध्या जेपेग फाइलमध्ये त्यांच्या २५६ होतात. आणि त्या प्रिंटमध्ये जवळजवळ दोनच उरल्या होत्या. गरिबीतून जन्मलेली शैली मी श्रीमंत फाइलवर चढवली होती.

मग मूळ फाइल उघडली.

फाइल उघडणं सोपं असतं, जुन्या निर्णयांशिवाय ती बघणं अवघड. सगळे स्लायडर शून्यावर आणले, कातरकाम काढून टाकलं आणि भिंत परत आली. पहिल्यांदा आला गेरूचा रंग. तो काळा का झाला होता, याला साधं कारण आहे. रंगीत फोटो कृष्णधवल करताना कुठला रंग किती उजळ किंवा गडद उतरावा हे आपण ठरवू शकतो. लाल-नारिंगीचा स्लायडर खाली ओढला की गेरू काळवंडतो आणि त्यावरची पांढरी रेघ झळकते. लाल वर ढकलला की उलट होतं, गेरू फिका पडतो आणि नाचणारे त्यात विरघळतात. मी पहिला रस्ता घेतला होता, कारण मला पांढरी रेघ हवी होती. पण त्याच स्लायडरच्या अमलाखाली भिंतीवरचा आणखी एक रंग येत होता, पिवळट तपकिरी. तो गेरूबरोबर बुडून गेला होता.

तो रंग गाळाचा होता. भिंतीच्या खालच्या भागावर, नाचणाऱ्यांच्या गुडघ्यांपर्यंत, एक आडवी रेघ गेलेली होती आणि तिच्याखालचं सगळं मातकट होतं. त्याच वर्षीच्या जुलैची ती खूण. २६ जुलैच्या रात्री उल्हास नदी पात्राबाहेर आली. कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे पाण्यात अडकली आणि दुसऱ्या दिवशी एनडीआरएफ आणि नौदलाच्या जवानांनी हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढलं. देशाने ती गाडी टीव्हीवर पाहिली. नदीकाठच्या वस्त्यांनी आपापल्या घरांत पाणी पाहिलं. कपाटं, गाद्या, मुलांची दप्तरं आठवडाभर रस्त्याकडेला वाळत पडली होती. २००५ चा पूर पाहिलेली माणसं ‘तेव्हा इथवर होतं’ म्हणून भिंतीला हात लावून दाखवत होती. आमच्या बाजूला भिंतीवरची रेघ हीच मोजपट्टी असते. ओल उतरते, माती वाळून पोपडे सुटतात, तरी फिकट कड उरते आणि माणसं तिच्यावरून पावसाचा अंदाज बांधतात.

तारपकरी त्या रेघेच्या खाली पाय रोवून उभा होता. भात तयार व्हायच्या दिवसांत, नव्या पिकाच्या आनंदात तारपा वाजतो. भोपळ्याचं आणि बांबूचं ते वाद्य. इथे तारपकऱ्याच्या पायांवर त्या वर्षीच्या पुराचा गाळ होता, आणि त्याच्यासमोरून जाणारी बाई खाली बघत, खड्डा चुकवत चालली होती. काळ्या आकृतीतून बाहेर आलेला तिचा चेहरा दमलेला होता. ती नाचात सामील वगैरे काही झालेली नव्हती. ती घरी जात होती.

हा फोटो इतका बोलका आहे हे मला तो काढताना माहीत नव्हतं. पण कॅमेऱ्याने सगळं टिपून ठेवलं होतं.

कोपराच्या त्या जुळलेल्या कोनाचं काय करायचं, यावर मी पुष्कळ घोटाळले. त्याच फाइलच्या पुढची फ्रेमही माझ्याकडे होती. तिच्यात बाई दोन पावलं पुढे गेलेली, साखळीतली जागा पुन्हा रिकामी. ती फ्रेम निवडली असती तर योगायोगाचा प्रश्नच मिटला असता. पण तो योगायोग खरा होता. भिंतीवरच्या आणि रस्त्यावरच्या बाईचे हात क्षणभर एकसारखे झाले, हे मी घडवलेलं नव्हतं आणि ते सुंदर होतं. त्याच्याखाली लाल रेघ ओढायची गरज नव्हती, एवढंच. म्हणून फ्रेम तीच ठेवली आणि चौकट रुंद केली. बाई लहान झाली, मध्यापासून थोडी बाजूला सरकली. आता तो जुळलेला हात शोधावा लागतो. काहींना तो सापडतो, काहींना नाही, आणि दोघांचीही हरकत नसते. चेहराही आता दुरून दिसतो, ओळखू येण्याइतका जवळ नाही. ज्या बाईला मी विचारलं नव्हतं तिच्या बाबतीत हे अंतर मला योग्य वाटतं.

जुन्या फाइलकडे परत जाणं ही छायाचित्रकारांची जुनी रीत आहे. अँसेल अ‍ॅडम्सने १ नोव्हेंबर १९४१ रोजी न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय टिपला आणि पुढे जवळजवळ आयुष्यभर त्या एकाच निगेटिव्हचे प्रिंट काढत राहिला. १९४८ मध्ये त्याने निगेटिव्हवर रसायन वापरून गावाचा भाग जरा उठवला. सुरुवातीच्या प्रिंटांमध्ये आभाळ करडं, ढगांच्या पुसट रेषा असलेलं. नंतरच्या प्रिंटांत ते गडद होत होत जवळजवळ काळं झालं. तो पियानो शिकलेला होता, त्यामुळे निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे ती वाजवणं, असं मानायचा. आपण बंदिश आणि बैठक म्हणू. मला मात्र या गोष्टीत एक फरक दिसतो. चंद्र आणि आभाळ कुणाच्या मालकीचं नसतं, त्यामुळे अ‍ॅडम्सला ते हवं तेवढं काळं करता आलं. माझ्या फोटोतली भिंत कुणीतरी रंगवलेली होती.

चौकट रुंद केल्यावर उजवीकडे खाली कोपऱ्यात त्याची सही आली. पांढऱ्या रंगात एक आडनाव, पुढे ‘आर्ट्स’, आणि त्याखाली मोबाइल नंबर, ज्याचे शेवटचे आकडे गाळाखाली गेलेले. माझ्या चौरसाने पहिल्याच फटक्यात हा कोपरा उडवला होता. गावातल्या रंगाच्या दुकानात मी चौकशी केली. दुकानदार म्हणाले, “ताई, ही मुलं बाहेरगावची. ठेकेदार आणतो, फुटाच्या भावाने भिंती करतात, झालं की पुढच्या गावाला.” फुटाच्या भावाने काम करणारा पेंटर साखळीतल्या प्रत्येक माणसाचे दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढतो, कंबर जिथे येते तिथे ब्रश उचलतो. त्या फाइलमध्ये मी झूम करून पाहिलं, तर प्रत्येक कंबरेशी रेघ किंचित वेगळी होती. साचा वापरलेला नव्हता, हे त्यावरून कळलं. सगळी रांग हाताने काढलेली होती.

वारली चित्राचा मूळ संसारही भिंतीवरचाच. लग्नघरात सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, मधे पालघट देवी, आणि लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. गेरूने किंवा शेणामातीने सारवलेल्या त्या कुडाच्या भिंतीवरचं चित्र त्या लग्नापुरतं असतं. पुढच्या लग्नाला पुन्हा नवा चौक. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्यांच्या नजरेतून ही चित्रं कागदावर आणि शहरात आली. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे ती जगभर घेऊन गेले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. आमच्या सोनिवलीची भिंत म्हणजे त्या वाटेचा फार पुढचा मुक्काम. लग्न नाही, देवी नाही, तांदळाच्या पिठाऐवजी प्लास्टिक इमल्शन. तरीही मला ती भिंत खोटी वाटत नाही. ठेकेदाराच्या माणसानेही नाचणाऱ्यांचे हात एकमेकांत नीट गुंफले होते, एकही हात सुटा ठेवला नव्हता.

भिंतीवरचं चित्र कुणाचं, हा प्रश्न आता कोर्टापर्यंतही पोचला आहे. माहीमच्या एका इमारतीवरच्या ‘ह्युमॅनिटी’ या भित्तिचित्राचा एका विमा कंपनीने जाहिरातीत वापर केला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि २०२३ मध्ये न्यायालयाने ती ऑनलाइन जाहिरात काढून टाकायला सांगितलं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सार्वजनिक जागी कायमच्या असलेल्या शिल्पाचा फोटो काढायला स्पष्ट मुभा आहे. चित्राचं नाव त्या कलमात तितक्या स्पष्टपणे येत नाही. माझा फोटो काही कुणी विकत घेणार नाही. पण कोपरा कापताना मी ज्याचं नाव कापलं त्याचं मी काही देणं लागते, हे समजायला मला कायद्याची गरज नव्हती.

आणि आता ती भिंत तशी राहिलेली नाही. तिच्यावर नवा रंग लागला आणि नवी घोषणा आली. भिंतीच्या बाबतीत हे व्हायचंच. कोकणातला पाऊस, बुरशी, पोस्टरांची खळ, पुढचं सर्वेक्षण, पुढची निवडणूक. न्यूयॉर्कच्या भुयारी गाड्यांवरची चित्रं छायाचित्रकार मार्था कूपरने सत्तर-ऐंशीच्या दशकांत जिवाच्या आकांताने टिपली. १९८९ च्या मे महिन्यात रंगवलेली शेवटची गाडी सेवेतून काढली, आणि त्या चित्रांचा फार मोठा भाग आज फक्त तिच्या आणि तिच्यासारख्यांच्या फोटोंमध्ये उरला आहे. त्या फोटोंत डबा पूर्ण दिसतो, मागचा पूल दिसतो, खालचे रूळ दिसतात, कोणाचं नाव कुठे लिहिलं ते वाचता येतं. तिने त्यावर स्वतःची शैली लादली असती तर आज आपल्या हाती तिची शैली उरली असती आणि चित्रं गेली असती.

नवा प्रिंट रंगीत आहे. रंग खुलवलेला नाही. सावलीतल्या पांढऱ्यावर आभाळाची जी निळसर झाक पडते ती मी काढून टाकलेली नाही, कारण कलत्या उन्हात भिंत तशीच दिसते. वर घोषणा पूर्ण वाचता येते. डावीकडे ड्रेनेजचा पीव्हीसी पाइप आहे, त्यावर ‘रूम भाड्याने देणे’चा अर्धा फाटलेला कागद. हा पाइप काढून टाकायचा मोह मला बराच काळ झाला. तो रचनेला जड करतो, हे आजही खरं आहे. तरी तो ठेवला आहे. पेंटरने शेवटच्या नाचणाऱ्याचा हात त्या पाइपापाशी वाकवून मागे घेतला आहे. पाइप गेला असता तर तो हात असा का वाकला हे कुणाला कळलं नसतं. गाळाची रेघ तळाशी डावीकडून उजवीकडे सलग जाते आणि सहीच्या शेवटच्या आकड्यांवरून पुढे निघून जाते. लाल ओढणी लालच आहे, पण आता शेजारी गेरू असल्यामुळे ती ओरडत नाही. चित्र पहिल्यापेक्षा संथ झालं आहे आणि एका नजरेत पकडत नाही, हे मला मान्य आहे. मला ते जास्त चांगलं वाटतं.

तुमच्या गावातही अशी एखादी भिंत असेल आणि तुमच्या फोनमध्ये तिचा फोटो असेल. त्याचं काय वाटेल ते करा, पण मूळ फाइल पुसू नका. पुढच्या वेळी फोटो काढताना जरा मागे सरून कोपऱ्यातली सही चौकटीत घ्या, आणि फोटोखाली गाव, महिना आणि पेंटरचं नाव लिहून ठेवा.